तिच्या नावाचा होकार

१

साहेबांनी मला बोलावलं ते एका सहीसाठी. कागद टाइप होऊन तयार होता, सहीच्या जागी बारीक फुली मारलेली होती आणि चहासुद्धा आधीच येऊन थांबला होता. इतकी जय्यत तयारी दिसली की मला पहिला संशय येतो. अकरा वर्षांपूर्वी या दुभाषी केंद्राच्या कॅलेंडरचा प्रोग्राम मी लिहून दिला, तेव्हा मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

केंद्राचं काम साधं आहे. ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी खुणांची भाषा जाणणारे दुभाषी दवाखान्यांत, शाळांत, सुनावण्यांना पाठवायचे. गेल्या गुरुवारी असाच एक सुतार सुनावणीला गेला होता. तीस वर्षं ज्या शेडमध्ये त्याचा रंधा चालतो, ती त्यानं सोडायची की नाही हे तिथं ठरणार होतं. त्याची दुभाषी आलीच नाही. अधिकाऱ्यानं चाळीस मिनिटांत सुनावणी उरकली. सुतारानं मधे दोन-तीनदा मान हलवली, ती संमती म्हणून लिहून घेतली गेली. वर्तमानपत्रात बोंब झाली आणि आता कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडणं भाग होतं.

ते डोकं साहेबांनी निवडलं होतं. नोंदवही सांगत होती की सुनावणीआधीच्या सोमवारी अकरा चाळीसला त्या दुभाषी बाईनं निमंत्रणाला होकार दिला. होकार देऊन न येणं म्हणजे दुभाष्यांच्या यादीतून नाव कायमचं कमी. हा नियम आपण केलेला नाही, असं साहेब दोनदा म्हणाले. मला फक्त एवढंच लिहून द्यायचं होतं की नोंद अस्सल आहे, तिच्यात कुणी फेरफार केलेला नाही.

मला नोंदीची एक प्रत हवी होती. साहेबांनी स्वतःच संगणकावर शोधायला घेतली आणि छापायचं बटण त्यांना काही सापडेना, कारण पडद्यावरचं सगळं स्पॅनिशमध्ये होतं. पुढच्या महिन्यात परदेशी परिषदेत त्यांचं भाषण आहे, म्हणून गेला महिनाभर फोन, संगणक सगळं त्याच भाषेत ठेवलंय, अशानं जिभेला वळण लागतं, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. वळण लागेपर्यंत दोनदा छपाई रद्द झाली.

कॅलेंडरच्या फायलीत प्रत्येक गोष्ट एका ओळीत असते. आधी गोष्टीचं नाव, मग अर्धविरामांनी जोडलेल्या छोट्या चिठ्ठ्या, मग कोलन आणि त्यापुढे मूळ मजकूर. त्या चिठ्ठ्यांना आम्ही पॅरामीटर म्हणतो. समोरची ओळ आपल्या शब्दांत मांडायची तर अशी होती:

उपस्थिती; नाव=दुभाषी बाईंचं; भूमिका=दुभाषी; उत्तर=होकार; उत्तर हवं=हो : बाईंचा ईमेल पत्ता

चिठ्ठ्यांचा क्रम माझा, ओळ मोडायची जागा माझी. ही ओळ माझ्याच प्रोग्रामनं लिहिली होती. हातानं कुणी ढवळाढवळ केली असती तर मला वासावरून कळलं असतं. मी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात साहेब नको तितके मऊ झाले. बाई हट्टी आहे, म्हणाले. माफीचं पत्र दे, तीन महिन्यांत परत घेतो, असं सांगून पाहिलं. पण तिचं एकच पालुपद, मी उत्तरच दिलेलं नाही.

मी टोपण परत लावलं. तीन महिन्यांची शिक्षा नाकारून जन्माची ओढवून घेणारं माणूस एक तर मूर्ख असतं, नाही तर खरं बोलत असतं. मूर्ख माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, ती माफी लगेच मागतात. मी दोन दिवस मागितले. चौकशी बुधवारी आहे, साहेब म्हणाले. आज सोमवार आहे, मला मोजता येतं, असं सांगून मी उठले. चहा तसाच राहिला.

२

दुभाषी बाई आईबरोबर राहायची. दारावरचं बटण दाबलं तर घंटा वाजली नाही. आत एक दिवा उघडझाप करू लागला आणि मग दार उघडलं. आईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. खोलीभर पडद्यांची कापडं होती, कारण पडदे शिवणं हा आईचा धंदा, आणि तिच्या एका डोळ्यावर ताजी पट्टी होती.

मी खुर्चीवर बसले आणि पहिल्याच वाक्याला अडखळले. मी बोलत होते ते सगळं मुलगी हातांनी आईला सांगत होती. मी जरा कडक प्रश्न विचारला की तिचे हातही तितकेच कडक होत. स्वतःवरचे आरोपसुद्धा ती काटछाट न करता आईपुढे मांडत होती. असला प्रामाणिकपणा मला अवघडून टाकतो.

सोमवारी अकरा चाळीसला कुठं होतीस, हे मी विचारलं. ती दवाखान्यात होती. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांचं सगळं सांगणं एका रुग्णाला समजावत होती, साडेदहापासून साडेबारापर्यंत. फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. आणि फोन खिशात असता तरी काय, दोन्ही हात बोलण्यात गुंतलेले. साहेबांचं यावर म्हणणं होतं की बटण दाबायला दोन सेकंद पुरतात.

निमंत्रण तिनं शनिवारीच पाहिलं होतं. गुरुवारी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, त्यामुळे जाणं शक्यच नव्हतं. मग सरळ नकार का दिला नाही? ती कडवट हसली. नकार मोजले जातात, म्हणाली. प्रत्येकीच्या नावापुढे नकारांचा आकडा लागतो. म्हणून दुभाष्यांनी आणि काम वाटणाऱ्या बाईनं मिळून आपापसात एक रीत पाडली आहे. जमणार नसेल तर गप्प राहायचं. सोमवारी सकाळी काम वाटणाऱ्या बाईचा फोन येतो, आणि बारापर्यंत ठरलं नाही तर काम पुढच्या माणसाला जातं. इतकी वर्षं हेच चाललंय, फक्त कागदावर कुठं नाही. त्या सोमवारी फोन आला नाही. तिनं धरून चाललं की काम पुढे गेलं, आणि निमंत्रण नजरेआड केलं.

मी म्हटलं, मग माफी मागून मोकळी का होत नाहीस? तीन महिने म्हणजे काही जन्म नाही.

तिनं माझा प्रश्न आधी आईला सांगितला. मग हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे बघून बोलली.

"माझं काम काय आहे, सांगू? दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही. इथं कुणीतरी माझ्या तोंडात शब्द घातलाय. तो माझाच होता असं मी लिहून दिलं, तर उद्या माझ्या हातांवर कुणी का भरवसा ठेवावा? नाव काढायचं तर काढा. मी माझ्या हातानं काढून देणार नाही."

त्यानंतर तिनं एक गोष्ट सांगितली, जी साहेबांनी मला सांगितली नव्हती. दुभाष्याचा होकार नोंदलेला असला की सुनावणी कायद्यानं पक्की धरली जाते. दुभाषी आली नाही तर तो तिचा दोष, सुनावणीचा नाही. तो होकार उभा आहे तोवर सुताराला फेरसुनावणी मिळत नाही. म्हणजे तिनं माफी मागितली असती तर त्याची शेडही तिच्याच सहीनं गेली असती.

निघताना आईनं मला थांबवून काहीतरी विचारलं. मी कोण, हे तिला कळलं नव्हतं. ते कॅलेंडर लिहिणारी मीच, असं मी सांगितलं. आईचे हात थोडेच हलले.

"आई म्हणते, मग तुमचं मशीन खोटं बोललं," मुलगी म्हणाली.

मशीन खोटं बोलत नसतं, असं मी तोऱ्यात सांगितलं खरं. पण जिना उतरताना मला आठवलं की अकरा वर्षांपूर्वी ते मशीन लिहिताना मी एका ठिकाणी कंटाळा केला होता.

३

मंगळवारी सकाळी मी आधी काम वाटणाऱ्या बाईला गाठलं. सगळे तिला टाचणी म्हणतात, कारण तिच्या टेबलामागच्या फळ्यावर तिनं टाचून ठेवली नाही अशी चिठ्ठी नसते. त्या फळ्यावर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उत्तर बाकी: शून्य'. दर सोमवारी बाराला विश्वस्तांना हा आकडा जातो.

टाचणीनं मला अजिबात दाद दिली नाही. नोंदीत आहे ते खरं, यापलीकडे ती जाईना. सोमवारी फोन केले होते का? केले असतील. तू जागेवर होतीस का? होते. मग म्हणाली, नव्हते. मग फळ्यावरच्या टाचण्या उगाच सरळ करू लागली. कुठंतरी पाणी मुरत होतं, आणि मुरलेलं पाणी तिच्या कपाळावर घाम होऊन दिसत होतं.

मी कागद-पेन पिशवीत टाकलं आणि तिच्या मुलीची चौकशी केली. तिथं ती फुटली. त्या सोमवारी मुलीच्या शाळेत बोलावणं होतं. साहेबांनी तोंडी रजा दिली होती, लिहून घेतलीच नाही. आता मात्र त्यांनी आठवण करून दिली होती की कागदोपत्री ती त्या दिवशी न सांगता गैरहजर आहे. तेवढ्यावर तिचं तोंड शिवलं गेलं होतं.

मी विचारलं, शनिवारी उत्तर बाकी किती जणांचं होतं? सात. सोमवारी फोन कुणी केले? कुणीच नाही. आणि बाराला आकडा काय गेला? तिनं फळ्याकडे बोट दाखवलं. फोन न करता साताचं शून्य झालं होतं.

तिथून मी प्रोग्रामरच्या खोलीत गेले. माझ्यामागून हे कॅलेंडर सांभाळणारा हा चाळिशीचा गृहस्थ कायम पेन्सिल चावत असतो, आणि त्याचं नावही पेन्सिलच पडलं आहे. माझ्यावर त्याचा जुना राग होता. माझा कोड म्हणजे कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकलेली पेटी आहे, असं तो चारचौघांत सांगतो. मी त्याला म्हटलं, चल, आज किल्ली काढू.

कॅलेंडरचं काम दोन भागांत चालतं. आलेलं उत्तर आधी वाचायचं, चिठ्ठ्या सुट्या करायच्या. मग नोंदवहीसाठी तीच ओळ नव्यानं लिहायची. मी एक खोटी ओळ तयार केली. तिला नाव, भूमिका, उत्तर, उत्तर हवं की नको, या नेहमीच्या चार चिठ्ठ्या लावल्या. वर आणखी तीन लावल्या: कुणाच्या खात्यातून पाठवलं, कुठल्या भाषेतून, आणि खोली क्रमांक म्हणून मनानं एक. पेन्सिलनं ती आत सोडली.

नोंदवहीत ओळ उमटली. क्रम बरोबर होता, टापटीप होती, कुणीही अस्सल म्हणावी अशी ओळ. पण सात चिठ्ठ्या आत गेल्या होत्या आणि चारच बाहेर आल्या होत्या.

पेन्सिलनं तोंडातली पेन्सिल काढली. ओळखीच्या नसलेल्या चिठ्ठ्यांचं तुमचा कोड करतो काय, असं त्यानं हळूच विचारलं. फेकून देतो, मी म्हटलं. त्या काळी दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देणारं इथं कुणी नव्हतं. चार चिठ्ठ्यांच्या वर काही येणारच नाही असं मी मानलं आणि बाकीच्यांना केराची टोपली दाखवली. लाज वाटली, ती सांगायलाही हरकत नाही.

आता केंद्रातली नोंद शंभर टक्के अस्सल होती आणि शंभर टक्के निरुपयोगी. फेकलेली चिठ्ठी परत कुठून आणायची, हे मला कळत नव्हतं.

४

उत्तर दोन ठिकाणी जातं, ही आठवण मला पेन्सिलनं करून दिली. एक प्रत आमच्या नोंदवहीत येते, पण मूळ ईमेल ज्यानं निमंत्रण पाठवलं त्याच्याकडे, म्हणजे सुनावणी कचेरीत. आणि तिथं माझा कोड नाही. हे म्हणताना त्याला थोडा आनंद झाला, तो मी त्याला होऊ दिला.

दुपारी दुभाषी बाईला घेऊन मी सुनावणी कचेरीत गेले. लांबलचक खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, आणि शेवटच्या टेबलावर एक कारकून बाई शिक्के मारत बसलेली. तिनं अर्ज मागितला. दुभाषी बाईनं उभ्या उभ्या लिहिला: माझ्या नावानं आलेलं उत्तर मला मूळ स्वरूपात पाहायचं आहे. कारकून बाईनं तो दोनदा वाचला. एवढ्या वर्षांत स्वतःचंच उत्तर मागायला कुणी आलं नव्हतं, म्हणाली. पण ती कामाची होती. ती काही फेकत नसे, वाचत नसेल एवढंच.

ईमेल निघालं. खरं तर सात निघाली. सोमवार, अकरा चाळीस, एकाच मिनिटात सात दुभाष्यांचे सात होकार. त्यातल्या सहा जणांची याच कचेरीतली कामं आधीपासून चालू होती, तारखा त्यांना पाठ होत्या, त्यामुळे ते आपसूक गेले आणि कुणाला काही कळलं नाही. नवीन काम फक्त हिचं होतं.

मी तिच्या ओळीवर बोट ठेवून पुढे सरकले. नाव. भूमिका. उत्तर. उत्तर हवं. आणि त्याच्यापुढे ती चिठ्ठी होती, जी माझ्या कोडनं खाल्ली होती: पाठवणारा, आणि त्यापुढे केंद्राच्या कचेरीचा सामायिक पत्ता. दुभाषी बाईनं टेबलाची कड धरली. मी नव्हते, एवढंच ती म्हणाली, आणि तेही मला नाही, स्वतःलाच.

पण आनंद करायची वेळ नव्हती. तो सामायिक पत्ता तिघं वापरत: साहेब, टाचणी आणि पेन्सिल. पासवर्डाचा कागद टाचणीच्या कीबोर्डखाली असतो, हे चहावाल्यालाही ठाऊक असावं.

शेवटी आणखी एक चिठ्ठी होती, भाषेची. उत्तर पाठवणारं यंत्र कुठल्या भाषेत चालतं, ते काही प्रोग्राम आपण होऊन लिहितात. मी ती वाचली, आणि कारकून बाईला सांगितलं की या पानावर मला शिक्का हवा, तारखेसकट.

संध्याकाळी घरी साहेबांचा फोन आला. सुनावणी कचेरीत जाऊन आलात म्हणे, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, नोंद खोटी ठरली तर कॅलेंडर खोटं ठरतं, आणि कॅलेंडर तुमचं आहे. अकरा वर्षांच्या सगळ्या नोंदी उकरल्या जातील. या वयात हे कशाला ओढवून घेता?

माझी धाकटी बहीण समोर शेंगा सोलत बसली होती. ती ऐकत होती आणि डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणत होती. ती जन्मभर मला हेच म्हणत आली आहे.

"उकरा," मी म्हटलं. "पहिलं फावडं मीच मारणार आहे."

५

चौकशी समितीत तिघं होती. अध्यक्षपदी एक निवृत्त मुख्याध्यापिका, आणि खोलीत बसायची पद्धतही शाळेसारखी. दुभाषी बाई समोर उभी, तिची आई भिंतीशी बाकावर. आरोप वाचून दाखवायला घेतले तेव्हा दुभाषी बाई आईकडे वळली आणि तिनं हात उचलले. बेजबाबदार, कर्तव्यात कसूर, एकेक शब्द ती स्वतःच्या हातांनी आईला सांगत गेली. अध्यक्षबाईंनी विचारलं की हे आवश्यक आहे का. ती म्हणाली, इथं ऐकू न येणारं माणूस बसलंय, आणि दुसरी दुभाषी तुम्ही बोलावलेली नाही. अध्यक्षबाईंनी वाचन पुढे चालू ठेवायची खूण केली.

माझी पाळी आली तेव्हा मी आधी माझ्याच चुकीपासून सुरुवात केली. सात चिठ्ठ्या कशा चार होतात ते पेन्सिलनं पडद्यावर करून दाखवलं. पाठवणारा कोण, हीच चिठ्ठी गळाल्यामुळे कॅलेंडरला वाटलं की बाईंनी स्वतःच उत्तर दिलं, आणि म्हणून तुमच्या नावानं कुणीतरी उत्तर दिलंय, असा निरोपसुद्धा त्यांना गेला नाही. नोंद अस्सल आहे, आणि चूक आहे, आणि ती चूक माझी आहे. साहेबांनी मान डोलावली. प्रकरण यंत्रावर जाऊन थांबेल, असं त्यांना वाटलं असावं.

मग मी शिक्क्याचं पान पुढे ठेवलं.

होकार सामायिक पत्त्यावरून गेला आणि तो तिघांकडे आहे. टाचणी त्या दिवशी रजेवर होती. हे मी म्हणताच साहेब म्हणाले की तशी नोंद नाही. तेव्हा टाचणी मागून उठली. मुलीच्या शाळेतल्या पालकांच्या हजेरीच्या कागदाची प्रत तिनं आणली होती. तिनं वेळ वाचून दाखवली: साडेदहा ते एक.

उरले दोघं. पेन्सिलनं हे केलं असतं तर त्यानं मागे स्वतःच्याच कचेरीचा पत्ता सोडला नसता. चिठ्ठ्या कशा लिहायच्या आणि कशा पुसायच्या हे त्याच्याइतकं तिथं कुणाला कळत नाही. इथं तर पाठवणाऱ्यानं काहीच लपवलेलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं आणि तो उठला, इतकंच. पुसायचं काम नंतर माझ्या कोडनं केलं.

"आणि ही भाषेची चिठ्ठी," मी म्हटलं. "हा होकार स्पॅनिशमध्ये चालणाऱ्या संगणकावरून गेलाय. केंद्रात तसा एकच आहे. साहेब, तुम्ही परवाच तो मला दाखवलात."

 साहेबांनी सांगितलं ते अर्धं खरं होतं. बाराला विश्वस्तांना आकडा द्यायचा होता, टाचणी नव्हती, सातही जण नेहमी जातातच, म्हणून सगळ्यांचा होकार एकदम भरला. अनवधानानं झालं.

सोमवारचं अनवधानानं झालं असेल, मी म्हटलं. पण गुरुवारी सुनावणी फसल्यावर तुम्ही नोंद उघडून बघितलीत, तिथं तुमचा मागमूस नाही हे पाहिलंत, आणि मग हिच्याकडून माफी मागितलीत आणि माझ्याकडून सही. ते अनवधान नव्हतं. पेन्सिलनं नोंद कुणी कधी उघडली याची यादी आधीच काढून ठेवली होती. गुरुवार, दुपारी तीन दहा, साहेबांचं खातं. साहेब बसले.

समितीनं आपसांत कुजबुज केली. आरोप मागे घेतला, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं. मग लेखनिकाकडे वळून म्हणाल्या की बाईंच्या उत्तराच्या जागी होकार खोडून नकार लिहावा, म्हणजे प्रकरण मिटलं.

"नको," दुभाषी बाई म्हणाली.

सगळे थांबले. आता काय राहिलं, असं अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तिनं आधी आईला सांगितलं, मग त्यांना.

"नकारही मी दिलेला नाही. होकार साहेबांनी भरला, नकार तुम्ही भरताय. फरक काय? मी उत्तर दिलं नव्हतं. तसंच लिहा."

साहेबांनी खुर्चीतूनच सांगून पाहिलं की तसं लिहिलं तर सुनावणी रद्द होईल, दुभाषी ठरलेलीच नव्हती असा अर्थ होईल, केंद्राची छी थू होईल. होऊ दे, ती म्हणाली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. त्यांनी लेखनिकाला तो रकाना मोकळा करायला सांगितलं. तो बदल नोंदवहीत कसा करायचा ते पेन्सिलला येत होतं, पण त्यानं कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

६

फेरसुनावणी तीन आठवड्यांनी झाली. मला तिथं काही काम नव्हतं, तरी गेले आणि मागच्या बाकावर बसले. सुतारानं स्वच्छ सदरा घातला होता, पण नखांत सरस अडकलेला होता. अधिकारी तोच होता. तो जरा घाईत होता आणि तसं दिसू देत होता.

दुभाषी बाई सुताराच्या समोर उभी राहिली. तिच्या कामाची रीत अशी की समोरचा जे म्हणेल ते ती 'मी' म्हणूनच बोलते. 'तो म्हणतो' असं कधी म्हणत नाही. अधिकाऱ्यानं जुना कागद काढला आणि सुताराला विचारलं की मागच्या वेळी तुम्ही शेड सोडायला तीन वेळा मान हलवून संमती दिली होती, ते बरोबर आहे का.

तिनं ते सांगितलं. सुतार थोडा वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याचे हात सुरू झाले, आणि थांबेनात. ती त्याच्याबरोबर बोलत गेली, त्याच्याच वेगानं, अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघून.

"मी शेड सोडणार नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं, आज पहिल्यांदा विचारलंत. त्या दिवशी तुमचे ओठ हलत होते आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसत होता. मला वाटलं, तुम्ही मला बसायला सांगताय. म्हणून मी मान हलवली. तिन्ही वेळा."

अधिकाऱ्यानं पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. 

"लिहा," ती म्हणाली. सुताराचे हात अजून हवेतच होते. "माझं अजून संपलेलं नाही."